मुरगळलेले मनगट आणि नौकेच्या आकाराचे हाड

डहाणूहून चारोटीकडे जाताना रानशेत लागते. पावसाळ्यात अशा रस्त्यावर दुचाकी घसरणे ही काही नवलाची गोष्ट नाही. घसरताना माणूस आपसूक हात पुढे टाकतो आणि साऱ्या देहाचा भार उघड्या तळहातावर येतो. उठून पाहावे तर गुडघा खरचटलेला, कपडे चिखलाने माखलेले. मनगट मात्र वरकरणी धड. दुकान उघडायचे असते, माल उतरवून घ्यायचा असतो. संध्याकाळी घरी कोणी हळदीचा लेप लावते, कोणी हाडवैद्याचे नाव सुचविते, आणि 'मुरगळले आहे, आठ दिवसांत उतरेल' असा निवाडा होतो. पुष्कळदा दुखणे खरोखरच उतरते. घात होतो तो इथेच.

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसविलेली असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे एक हाड या दोन्ही ओळींना सांधून धरते. त्याचे वैद्यकीय नाव स्कॅफॉइड. ग्रीक भाषेतील नौकावाचक शब्दावरून ते आले, म्हणून आपण त्याला नौकास्थी म्हणू. आकार साधारण काजूगरासारखा. मनगटाच्या या आठ हाडांत सर्वाधिक वेळा मोडते ते हेच, आणि मोडते ते बहुधा पंधरा ते तिशीच्या आसपासच्या तरुणांचे. घरातील आजी अशाच पडल्या तर बहुधा मनगटाच्या वरचे लांब हाड मोडते, हात वाकडा दिसतो आणि सारे घर धावपळ करते. तरुणाचा हात वाकडा दिसत नाही. सूजही कधी कधी बेताचीच असते. बोटे हलतात, स्कूटरची किल्लीही फिरते.

मग या लहानशा हाडाची एवढी चिंता कशासाठी? कारण त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. या हाडाला मिळणारे बहुतेक रक्त बोटांकडील भागातून आत शिरते आणि तेथून उलट दिशेने कोपराकडील टोकापर्यंत जाते. चाळीला पाण्याची जोडणी एकाच बाजूने असावी आणि मधला पाइप फुटावा, तसे हाड मध्येच मोडले म्हणजे टोकाच्या भागाला रक्त पोहोचेनासे होते. भंग टोकाच्या जितका जवळ, तितका तो तुकडा निर्जीव होण्याचा धोका अधिक. शिवाय हाडाचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आणि सांध्यातील द्रवाने वेढलेला असल्यामुळे, लांब हाडांभोवती धरतो तसा जोडाचा गोळा येथे धरत नाही. हाड जुळले नाही, तर वर्षे लोटता मनगटाचा सांधा झिजू लागतो आणि ऐन चाळिशीत पोते उचलताना किंवा शटर ओढताना हात दगा देतो. तोवर ती जुनी घसरण कोणाच्या ध्यानातही नसते.

निदानाची पहिली पायरी बोटाने दाबून पाहण्याची आहे. अंगठा ताणून वर उभा केला की मनगटापाशी दोन स्नायुबंधांच्या मध्ये एक खळगा पडतो. पूर्वी तपकिरीची चिमूट या खळग्यात ठेवून ओढीत. इंग्रजी वैद्यकातही त्याचे नाव तपकिरीच्या डबीवरूनच पडले आहे. पडल्यानंतर या खळग्यात दाबले असता कळ आली, तळहाताच्या मुळाशी अंगठ्याच्या बाजूस दुखले, किंवा अंगठा त्याच्याच रेषेत आत ढकलल्यावर वेदना झाली, तर नौकास्थीचा भंग गृहीत धरून चालावे. अशा कळीच्या प्रत्येक रुग्णाचे हाड मोडलेले निघते असे नाही; अनेकांचे शाबूतच असते. पण ते ठरविण्याचे काम अस्थिरोगतज्ज्ञाचे आहे. तोवर मनगट चोळू नये, ओढून 'बसवू' नये.

दुसरा गैरसमज सुशिक्षित घरांतही आढळतो. एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही, म्हणजे विषय संपला! हे हाड तिरके बसलेले असते आणि भेग केसाएवढी असू शकते. मनगट करंगळीकडे झुकवून वेगळ्या कोनांतून चित्रे घ्यावी लागतात, आणि तरीही पहिल्या दिवशी काही भंग निसटतात. म्हणून जाणता डॉक्टर चित्र स्वच्छ असले तरी पट्टी किंवा प्लास्टर घालतो आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतो. तोवर भेगेच्या कडा किंचित विरघळून ती स्पष्ट दिसू लागते. एमआरआयमध्ये ती पहिल्या काही दिवसांतच कळते; ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत संशयित रुग्णांसाठी सुरुवातीलाच एमआरआयचा विचार करावा असे सुचविले आहे. आपल्या भागातून त्यासाठी बहुधा वापी किंवा मुंबई गाठावी लागते, म्हणून दोन आठवड्यांनंतरचा दुसरा एक्स-रे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. आणि नेमकी हीच दुसरी फेरी टाळली जाते. दुखणे कमी झालेले असते, सणासुदीची गिऱ्हाइकी असते, डहाणूला जाणे म्हणजे अर्धा दिवस मोडणे. चार आठवड्यांहून अधिक काळ उपचार लांबले तर हाड न जुळण्याचा धोका वाढतो, हे त्या अर्ध्या दिवसाच्या हिशेबात मांडून पाहावे.

तुकडे जागचे हलले नसतील तर प्लास्टर पुरेसे असते. हाडाच्या मध्यभागातील भंगाला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, आणि नीट निगा राखल्यास बहुतेक जुळतात. अंगठा प्लास्टरमध्ये घ्यावा की मोकळा ठेवावा याबद्दल तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. तुकडे सरकले असतील किंवा भंग टोकाजवळ असेल, तर शस्त्रक्रियेने बारीक स्क्रू बसवितात. दोन्ही टोकांना आटे असलेला, बाहेर डोके न राहणारा हा स्क्रू ऑस्ट्रेलियाचे शल्यविशारद टिमथी हर्बर्ट यांच्या नावाने ओळखला जातो. लवकर कामाला लागता यावे म्हणून काही तरुण साध्या भंगालाही स्क्रूच मागतात. इंग्लंड व वेल्समधील ३१ रुग्णालयांत ४३९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यभागी मोडलेल्या आणि दोन मिलिमीटरपर्यंतच सरकलेल्या हाडांत, वर्षअखेरीस प्लास्टर आणि शस्त्रक्रिया यांत हाताच्या कार्यक्षमतेचा म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. प्लास्टरने जुळले नाही तर मात्र शस्त्रक्रियेला विलंब लावू नये, असाच त्याचा निष्कर्ष.

घरोघरी विचारला जाणारा प्रश्न आहाराचा. दूध, दही, तीळ, नाचणी आणि डाळी असलेल्या शाकाहारात हाडाला लागणारे चुना व प्रथिने मिळू शकतात. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाने त्यात उणे येत नाही. दिवसभर पेढीवर सावलीत बसणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाची तपासणी मात्र करून घ्यावी. ज्यांना जिलेटिनचे आवरण चालत नाही त्यांनी कॅप्सूलऐवजी गोळी मागावी. चातुर्मासात उपवास चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण कित्येक वेदनाशामके रिकाम्या पोटी बाधतात. धूम्रपानाने हाड जुळण्यात अडथळा येतो; प्लास्टर असेपर्यंत तरी ते बंद असावे.

ज्यांचा भंग वर्षानुवर्षे न जुळता राहिला आहे, त्यांनाही उपाय आहे. सांधा फारसा झिजलेला नसेल तर रुग्णाच्याच कमरेच्या किंवा मनगटाजवळच्या हाडाचा तुकडा घेऊन तो भेगेत बसवितात आणि स्क्रूने आवळतात. प्लास्टर निघाल्यावर मनगट ताठर झालेले असते, मुठीची पकड परतायला काही महिने जातात, आणि हाड पक्के जुळल्याची खात्री सीटी स्कॅनने उत्तम होते. तोवर गोणी उचलण्याचे काम दुसऱ्याकडे राहू द्यावे.