निवळ पाण्यात मासा का गुदमरतो?

महापे येथे भाड्याच्या खोलीत राहून विद्यापीठाचा अभ्यास करणारा विद्यार्थी हौसेने काचेची टाकी आणतो, ठाण्याची खाडी जवळ असली तरी तिचे गढूळ पाणी निरुपयोगी म्हणून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवतो, आणि तरीही त्या आरशासारख्या पाण्यात सोडलेला मासा काही दिवसांतच पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो.

कारण डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया अखंड उतरत असतो. समुद्राच्या अफाट विस्तारात तो विरून जातो, टाकीत मात्र साचतो. कचेरीतला अर्ज जसा एका कारकुनाकडून दुसऱ्याकडे जातो, तसे जिवाणूंचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, जे विषारीच असते, आणि दुसरा वर्ग त्याचे पुष्कळ अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतो. सच्छिद्र खडकांवर ही बिऱ्हाडे वसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी सत्राच्या आरंभी मांडावी, परीक्षेच्या तोंडावर नव्हे, आणि तोवर मासा आणू नये. पाणी उडते, मीठ मागे राहते. सबब रोजची भर गोड्या पाण्याचीच घालावी.

प्रवाळांचा मोह मात्र कटाक्षाने आवरावा. मालवणच्या समुद्रात आजही जिवंत प्रवाळ आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून त्यांचा समावेश असल्यामुळे ते समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा आहे.