न भरणाऱ्या जखमेचा माग

कर्करोगाच्या बहुतेक मृत्यूंना मूळ गाठ नव्हे, तर तिचा फैलाव कारणीभूत असतो. या फैलावाला शरीरातला दाहच हातभार लावतो, हे उमगायला दीड शतक लागलं.

१८६३ मध्ये जर्मन वैद्यक रुडॉल्फ व्हिर्शो यांना गाठींत पांढऱ्या रक्तपेशी आढळल्या. जिथे दाह रेंगाळतो तिथे कर्करोग उद्भवत असावा, असं त्यांनी मांडलं. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने झालेल्या ७३५ मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. रोग वाटेल तिथे पसरत नव्हता, ठरावीक अवयवच गाठत होता. कर्कपेशीचं बी रुजायला अवयवाची जमीनही मानवावी लागते, हा त्यांचा निष्कर्ष. जमीन का मानवते, हे मात्र कळलं नव्हतं.

१९८६ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं. जखम झाली की दाहाचे रेणू पेशींना हलायला लावतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. जखम भरली की हे सारं थांबतं. गाठीत ते थांबतच नाही.

दाहाच्या अशाच एका रेणूच्या, १९७५ मध्ये सापडलेल्या टीएनएफच्या (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर), नावातच गाठ मारण्याचा गुण होता. पण १९९९ मध्ये दिसलं, की तो नसलेल्या उंदरांना त्वचेच्या गाठी कमी होतात. २००१ मध्ये पॅजेट यांच्या प्रश्नाला रेणूंच्या पातळीवर उत्तर मिळालं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ हा ग्राही भरपूर असतो, आणि त्याला साद घालणारा केमोकाइन, म्हणजे पेशींना ओढणारा रेणू, फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा आणि लसिका ग्रंथींत मुबलक असतो. पेशी त्या दिशेने सरकतात. २००४ मध्ये उंदरांच्या गाठींत मॅक्रोफेज या पांढऱ्या रक्तपेशी आणि कर्कपेशी एकमेकांना रेणू पाठवून सोबतीने पुढे सरकताना आढळल्या.

२०१७ मध्ये आशा वाढली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा रेणू रोखणाऱ्या औषधाच्या मोठ्या मात्रेने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले. पुढे तेच औषध प्रत्यक्ष कर्करुग्णांवर अपेक्षेला उतरलं नाही. रोग बळावल्यावर एकच रेणू अडवून भागत नाही, हा धडा मला यात दिसतो.

म्हणूनच दाह आधी टाळण्याचं मोल मोठं. २०१८ मध्ये उंदरांत दिसलं, की तंबाखूच्या धुराने फुप्फुसात दाह झाला, तर तिथे सुप्त पडलेल्या कर्कपेशी जाग्या होतात. उपचार संपलेल्या रुग्णाच्या घरात धूर नसावा, एवढं तरी आपण आजच करू शकतो.