इस्तंबूलहून दस्तुरीला

नेरळच्या माणसाने माथेरान पाहिलेले नसते, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात. पाहिलेले असते, पण शाळेच्या सहलीत! पुढे उभा जन्म तो पाहुण्यांना टॅक्सीपर्यंत पोहोचवण्यात घालवतो. मीही त्यातलाच. आमच्या गच्चीतून रोज तो डोंगर दिसतो. पण त्याची खरी आठवण मला झाली ती 2024 च्या मे महिन्यात, तुर्कस्तानातल्या एका बेटावर.

मराठीच्या प्राध्यापकाने परदेशी जावे हा योग दुर्मिळच. सौभाग्यवतीने भिशीतून साठवलेले पैसे आणि माझी रजा यांची गाठ पडली आणि आम्ही एका यात्रा मंडळीबरोबर निघालो. इस्तंबूलला उतरताच आमच्या हाती एक कार्ड पडले. ते यंत्राला टेकवावे की ट्रामचे दार उघडते, मेट्रोचे उघडते, बोटीचेही उघडते. 1875 साली सुरू झालेली, एका टेकडीच्या पोटातून वर चढणारी ‘त्यूनेल’ नावाची भुयारी गाडी तिथे आहे. लंडनची भुयारी रेल्वे तेवढी तिच्याहून जुनी. तिलाही तेच कार्ड चालते! दीडशे वर्षांची ही आजीबाई आजच्या यंत्राशी किती सुखाने नांदते आहे, याचे मला मोठे कौतुक वाटले. पुढे क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला तर कॅमेरे जुन्या शहरात आत शिरणारी डोकी मोजत होते. तटाच्या आत गर्दी मावेनाशी झाली, तेव्हा त्या गावाने 2019 पासून बंदरात एका वेळी दोनांहून अधिक प्रवासी जहाजे न घेण्याचे ठरवले. आपल्याकडे शनिवारी दस्तुरीला जी झुंबड उडते ती डोळ्यांपुढे आली आणि मी निःश्वास टाकला.

पण सांगायचे होते ते बेटाचे. इस्तंबूलजवळ मार्मारा समुद्रात काही लहान बेटे आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्याचे नाव ब्युयुकअदा, म्हणजे शब्दशः ‘मोठे बेट’. खाजगी मोटारींना तिथे मज्जाव. पिढ्यान्‌पिढ्या लोक घोड्यांच्या बग्ग्यांतून फिरत. 2019 च्या अखेरीस घोड्यांत साथीचा रोग पसरला, शंभरावर घोडी मारावी लागली आणि 2020 मध्ये बग्ग्या कायमच्या बंद होऊन विजेवरच्या गाड्या आल्या. महापालिकेने घोडे आणि बग्ग्या विकत घेतल्या. आम्ही त्या विजेच्या गाडीतून पाइनच्या झाडीतले रस्ते पाहिले. आवाज नाही, धूर नाही, लिदीचा वासही नाही. मी सौ.ला म्हटले, “अगं, हे तर आपले माथेरान!”

घरी आल्यावर हे सारे आईला रंगवून सांगितले. ती वाल सोलत होती. सगळे ऐकून म्हणाली, “घोड्यांचं सांगितलंस. त्या टांगेवाल्यांचं काय झालं?”

मला उत्तर देता येईना. विचारायचे सुचलेच नव्हते.

आईच्या या प्रश्नामागे एक जुनी गोष्ट आहे. लग्नानंतर वडिलांनी तिला हौसेने माथेरानला नेले आणि हातरिक्षात बसवले. एक माणूस पुढे दांडीला, दोघे मागे ढकलायला. चढ लागला तशी ती अस्वस्थ झाली. “पुढच्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता,” ती सांगते. ती खाली उतरली आणि नव्या कोऱ्या चपलांनी लाल मातीतून रिक्षाच्या बाजूने चालत गेली. पैसे पुरे दिले, पण पुन्हा त्या रिक्षात बसली नाही. पुढे गुडघे गेले आणि माथेरानही गेले.

मिनी ट्रेन होती ना, असे कोणी म्हणेल. होती. सर आदमजी पीरभॉय यांचे 16 लाख रुपये आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांतून 1907 साली ती धावली. दोन फुटी रूळ, वळणावळणांचा सुमारे वीस किलोमीटरचा मार्ग. पण अडीच तास गुडघे दुमडून बसणे आईला अशक्य. त्यातून 2019 च्या पावसात मार्ग खचला, तो ऑक्टोबर 2022 पर्यंत नेरळहून गाडीच नव्हती. टॅक्सीने जावे तर ती दस्तुरी नाक्यावर सोडते. तिथून गावापर्यंत अडीच किलोमीटर पायी, घोड्यावर, हातरिक्षातून, नाहीतर अमन लॉजच्या शटलसाठी रांगेत उभे राहून. आईला यांतले एकही जमणारे नव्हते.

डिसेंबर 2022 मध्ये तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. जानेवारी 2025 मध्ये एके सकाळी मी आईला गाडीत घातले आणि दस्तुरीला नेले. ई-रिक्षा समोर उभी राहिली. आईने पाय उचलण्याआधी चालकाला विचारले, “दादा, आधी काय करत होतात?”

“हेच, आजी,” तो हसला. “फक्त पुढे दांडीला असायचो.”

तेव्हा कुठे ती बसली.

वाटेत त्याने आपण होऊन हकिकत सांगितली. परवान्याच्या हातरिक्षा चौऱ्याण्णव. ई-रिक्षा मात्र वीसच, आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असा न्यायालयाचा आदेश. “खांदा अजून दुखतो, पण रात्री झोप लागते.” घोडेवाल्यांची तक्रारही त्याने लपवली नाही. चाकांसाठी रस्त्यावर ब्लॉक बसवले की घोड्याची टाप घसरते, असे ते म्हणतात; आणि त्यांचेही पोट त्याच रस्त्यावर आहे. ब्लॉक पाहून माझेही मन थोडे खट्टू झाले, हे कबूल करतो. लाल धुळीने पाय माखल्याशिवाय माथेरानला आल्यासारखे वाटत नाही. पण माझे गुडघे अजून शाबूत आहेत, म्हणून मला हे सुचते!

एका चढावर पुढे एक हातरिक्षा अडली होती. बायका-मुले चालत होती आणि रिक्षात बॅगा रचलेल्या होत्या. मागून ढकलणारा निळ्या सदऱ्याचा माणूस पन्नाशीचा असावा. आमच्या चालकाने गाडी बाजूला घेतली, “एक मिनिट हं, आजी,” म्हणून उतरला आणि त्याच्या बरोबरीने खांदा लावून ती चढावर नेऊन सोडली. परतला तेव्हा धापा टाकत होता.

“पूर्वी आम्ही एकाच गाडीला होतो,” तो म्हणाला.

आई पुढे गावापर्यंत काही बोलली नाही. बाजारात तिने चिक्की घेतली, वडील जिथे उतरले होते ते हॉटेल शोधले, सापडले नाही, आणि एका बाकावर बसून माकडांना शिव्या दिल्या. फार दिवसांनी मी तिला इतकी खुशीत पाहिली.

6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. स्वातंत्र्याला 78 वर्षे होत आली तरी माणसाने माणसाला ओढावे हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, पैसे नाहीत ही सबब सांगू नका. ब्लॉकही दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच. आतले रस्ते मातीचेच राहू द्या. मी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. आईने बोटांवर महिने मोजले.

“म्हणजे माघात. मग त्या निळ्या सदऱ्यालाही मिळेल?”

“मिळायला हवी.”

“मग माघात वर जाऊन बघू,” ती म्हणाली आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली पुढे ओढली.