दिव्यावरच्या पतंगांची वही

श्रोतेहो, दिव्यावर झेपावणारे पतंग आपण रोज पाहतो. पण ते मोजतो कोण? इंग्लंडात मोजतात. रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात १९३३ साली दिव्याचा सापळा लागला. पुढे असे सापळे ब्रिटनभर झाले. हौशी मंडळी परसबागेतही लावतात. पेटी, तिच्यावर नरसाळे, त्यावर दिवा! घिरट्या घालता घालता पतंग आत घसरतो, आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या खाचांत निमूट बसून राहतो. सकाळी नाव, संख्या, तारीख लिहायची नि त्याला झुडपात सोडायचे.

मार्च-एप्रिल हा तिकडचा वसंत. वाळुंजाला तुरे येतात, त्यांवर पतंग जमतात. एकाच्या पंखावर हिब्रू अक्षरासारखी काळी खूण असते. नावही त्यावरूनच पडले. गारठ्याच्या रात्री मात्र पेटी रिकामीच. तेव्हा वहीत शून्य लिहायचे, बरं का गुरुजी! जागा कोरी सोडली, तर पतंग नव्हते की दिवाच लावला नव्हता, हे मागाहून कसे कळणार?

रोथॅमस्टेडच्या सापळ्यांतील आकड्यांवरूनच २०२१ साली प्रसिद्ध झाले, की १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधले मोठे पतंग ३३ टक्क्यांनी घटले. दक्षिणेकडे घट अधिक, उत्तरेकडे कमी. आणि याच पतंगांच्या अळ्यांवर तिथली कितीतरी पाखरे आपली पिल्ले वाढवतात.