दूर्वांच्या जुडीमागचे व्याज

श्रीगणेशचतुर्थीस रावेतच्या रस्त्याकडेला गोणपाट अंथरून दूर्वा, आघाडा, केवडा विकणाऱ्या मायभगिनींशी आपण जुडीमागे रुपया-दोन रुपयांची घासाघीस करतो. भाविकहो, ती सोडावी. त्यांचे भांडवल बहुधा उसनवारीचे, व्याज रोजचे आणि उरलेला माल सायंकाळी कोमेजलेला! ज्या देहूत तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडल्याचे आख्यान आम्ही कीर्तनात रंगवितो, ते येथून फार दूर नाही. पथविक्रेत्यांस २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले. २०२० मध्ये स्वनिधी योजनेने पहिले १०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण देऊ केले. परंतु त्यास विक्रीचे प्रमाणपत्र, निदान शिफारसपत्र तरी लागते. वर्षातून चार सणांना पाटी मांडणारीने ते कोठून आणावे?