पेशीतील पाचक पिशवी

घरातील विळी कितीही उपयोगाची असली, तरी ती वाटेत उघडी पडलेली कोणी खपवून घेत नाही. तिची जागा ठरलेली असते आणि काम झाले की तिचे पाते मिटून ठेवावयाचे असते. धारदार वस्तू घरात हवी, पण घरच्यांना तिची इजा होता कामा नये, हा जो गृहिणीपुढचा प्रश्न, तोच आपल्या शरीरातील पेशीपुढेही असतो. तो ती कसा सोडविते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

पेशीचे जुने, झिजलेले भाग सतत मोडीत काढावे लागतात. त्यासाठी प्रथिने, मेद आणि शर्करा यांचे तुकडे करणारी विकरे लागतात. परंतु पेशी स्वतः याच पदार्थांची बनलेली! ही विकरे मोकळी सोडली, तर ती घरच फस्त करतील. म्हणून पेशी त्यांना पातळ पडद्याच्या इवल्याशा पिशव्यांत कोंडून ठेवते. या पिशव्यांना लायसोसोम किंवा लयकारिका म्हणतात.

त्यांचा शोध लागला तो मोठ्या गमतीने. १९४९ साली बेल्जममधील लूव्हाँ येथे ख्रिस्तियान द द्यूव्ह हे इन्सुलिनचे यकृतावरील कार्य अभ्यासीत होते. उंदराच्या यकृताच्या ताज्या अर्कात एका विकराचे काम फारच थोडे दिसले. तोच अर्क पाच दिवस शीतकपाटात ठेवून पुन्हा तपासला, तेव्हा ते काम कितीतरी वाढलेले आढळले. शिळ्या अर्काचा जोर ताज्याहून अधिक कसा? उलगडा असा झाला, की विकर आधीपासून होतेच. पण ते पडद्याआड होते, आणि पडदा खराब होताच बाहेर आले. १९५५ साली या पिशव्यांचे नामकरण झाले आणि १९७४ साली द द्यूव्ह नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

आता या पिशवीची व्यवस्था पाहा. तिच्या आतील द्रव बाहेरच्या द्रवाहून शंभरपटींपेक्षा अधिक आम्ल असतो. ही आम्लता राखणाऱ्या पंपांना लागणारी ऊर्जा मुख्यतः तंतुकणिका पुरवितात. आतील विकरे आम्लातच जोमाने काम करतात; थोडी बाहेर गळलीच, तर त्यांची धार बोथट होते. म्हणजे पाते मिटलेले, आणि वर म्यानही! ही विकरे घडतात केंद्रकातील आराखड्याप्रमाणे, रायबोझोमवर. तेथून ती आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गी संकुलात येतात. तेथे त्यांतील बहुतेकांवर मॅनोज-६-फॉस्फेट नावाची खूण चढते. पाकिटावर पत्ता घालावा, तशी ही खूण; तिच्यावरून माल लयकारिकेकडे रवाना होतो.

यांतील एकच विकर नसले तर काय होते? १९३२ साली डच वैद्य योआनेस पोंपे यांनी सात महिन्यांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे हृदय अतोनात वाढले होते आणि त्यातच ती दगावली. स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, तुंबलेला होता. तो का तुंबला, हे कळावयास १९६३ साल उजाडले. द द्यूव्ह यांचे सहकारी आंरी-जेरी एर्स यांनी दाखविले, की लयकारिकेतील ग्लायकोजेन फोडणारे विकरच अशा रुग्णांत नसते. पिशवीत माल येत राहतो, पण मोडला जात नाही.

कारण कळले, तसा उपायाचा मार्ग दिसू लागला. बाहेर तयार केलेले तेच विकर शिरेवाटे द्यावयाचे. पण ते पेशीत शिरून नेमक्या पिशवीत पोचणार कसे? त्याच पत्त्याच्या खुणेने! पेशीच्या पृष्ठभागावरही ती खूण ओळखणारे ग्राहक असतात; ते विकराला आत ओढून घेतात. हे औषध २००६ साली मान्य झाले. पूर्वी अशी बालके बहुधा वर्षाच्या आतच दगावत. आता त्यांपैकी पुष्कळ त्यापुढे जगतात. रोग मुळापासून जात नाही, आणि बहुधा दर पंधरवड्यास औषध घ्यावे लागते, हेही सांगितले पाहिजे.

पेशीची अंगके म्हणजे परीक्षेपुरती पाठ करावयाची नावे, असा आपला समज असतो. परंतु त्यांतील एका पिशवीत एका विकराची उणीव पडली, तर पाळणा रिकामा होतो. आणि तिचे कार्य नीट समजले, तर तोच पाळणा हलता राहू शकतो. शिळ्या अर्काचे कोडे कोणी क्षुल्लक म्हणून टाकून दिले नाही, म्हणून हे घडले, एवढे आपण ध्यानात ठेवावे.