यंत्रांचा दुभाष्या

ड्रायव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एस.टी.च्या पुढच्या खिडकीतला खाकी कपड्यांतला माणूस येतो. संगणकाच्या दुनियेतला ड्रायव्हर मात्र दुभाष्याचं काम करतो. घरच्या संगणकाला नवा प्रिंटर जोडला की आधी त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो, हे आता शाळकरी नातवंडंही आपल्याला शिकवतात. प्रिंटर बोलला नाही तर फार तर पोराचा शाळेतला प्रकल्प एक दिवस रखडतो. कारखान्यातलं यंत्र संगणकाशी बोलेनासं झालं म्हणजे काय काय रखडतं, ते गेल्या कापसाच्या हंगामात भातकुलीच्या वाटेवरच्या एका जिनिंगमध्ये मी पाहिलं.

भातकुली आमच्या अमरावती जिल्ह्यातला तालुका. आदिनाथाच्या जैन मंदिरामुळे दूरदूरचे यात्रेकरू इथं येतात. आम्हा वऱ्हाडी माणसांना मात्र तो आठवतो खारपाणपट्ट्यामुळे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन, आणि विहिरीला पाणी लागलं तरी ते खारट. ओलिताची सोय नाही म्हणून सारी भिस्त पावसावर आणि कापसावर. बँकेत असताना या भागातल्या गाठींच्या तारणावर दिलेली कर्जं तपासायला मी गोदामं हिंडलो आहे. तेव्हाच्या जिनिंगमध्ये रेच्यांचा खडखडाट, हवेत उडणारी रुई आणि दिवाणजींची लाल बांधणीची वही असायची. आता खडखडाट तोच आहे, पण भिंतीवर लोखंडी कपाटासारखं एक पॅनेल आलं आहे आणि त्यात चहाच्या डब्याएवढा एक नियंत्रक बसला आहे. त्याला सगळे पीएलसी म्हणतात.

या डब्याचा जन्म अमेरिकेतला. मोटारींचं मॉडेल बदललं की कारखान्यातली रिले आणि तारांची जाळी उपसून पुन्हा नव्यानं जोडावी लागे. त्या कटकटीवर उपाय म्हणून डिक मॉर्ली या अभियंत्यानं १९६८ सालच्या पहिल्याच दिवशी एका नव्या नियंत्रकाची कल्पना कागदावर मांडली. तारा न उपसता नुसत्या सूचना बदलायच्या, की यंत्राचं काम बदललं. त्यांच्या मॉडिकॉन कंपनीनं पुढे १९७९ साली या नियंत्रकांनी आपसांत कसं बोलावं याचे नियम प्रसिद्ध केले. त्या भाषेला मॉडबस म्हणतात आणि ती आजही जगभर चालते.

भाषा साधी आहे. एका तारेच्या जोडीवर अनेक नियंत्रक बसतात आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो. संगणक हाक मारतो, ‘तीन नंबर, तुझ्या अमुक खान्यात काय आकडा आहे?’ ज्याचा क्रमांक तीन त्यानंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. निरोपाच्या शेवटी एक पडताळ्याचा आकडा जोडलेला असतो. तो जुळला नाही तर निरोप टाकून द्यायचा.

हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी तिथल्या तिथे हसलो. मी १९८३ साली बँकेत लागलो, तेव्हा एका शाखेतून दुसऱ्या शाखेत तारेनं पैसे पाठवत. तार तर कोणीही करील, मग ती खरी कशावरून? त्यासाठी तिजोरीत एक गुप्त पुस्तक असे. रक्कम, तारीख अशा प्रत्येक गोष्टीसाठी त्यात आकडे ठरलेले. त्यांची बेरीज तारेत लिहायची. समोरच्या शाखेनं आपल्या पुस्तकावरून ती बेरीज पुन्हा करून पाहायची. जुळली तरच पैसे द्यायचे. तारखाते २०१३ साली बंद झालं, पण हिशेबाची ती युक्ती यंत्रांच्या पोटात सुखरूप आहे.

ड्रायव्हर बसवायचा म्हणजे या बोलण्याच्या अटी दोन्ही बाजूंनी सारख्या करायच्या. तार संगणकाच्या कोणत्या दारात लावली, बोलण्याचा वेग किती, पडताळणीची पद्धत कोणती आणि समोरच्याचा क्रमांक काय. चारांपैकी तीन बरोबर आणि एक चूक, तर उत्तर शून्य. पाऊण बरोबर, म्हणून पाऊण बोलणं, असं इथं नसतं.

काही कंपन्यांनी हे काम बरंच सोपं केलं आहे. ॲलन-ब्रॅडलीच्या नियंत्रकांसाठी आरएसलिंक्स नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात ड्रायव्हरांची यादीच असते. सिरियल तारेसाठी वेगळा, इथरनेटसाठी वेगळा. सिरियलच्या ड्रायव्हरला आपोआप जुळवून घेण्याचं एक बटण आहे. ते दाबलं की तो निरनिराळ्या वेगांनी हाका मारत बसतो आणि ओ आली तिथं थांबतो. नियंत्रकाच्या चित्रावर लाल फुली दिसली, तर अर्थ असा की पूर्वी ओळख झाली होती, आता बोलणं तुटलं आहे. आपल्या भावकीत असतं तसं!

तर त्या जिनिंगमध्ये नोव्हेंबरात गाठी बांधणारी प्रेस मधेच थांबू लागली. पॅनेलवर नुसता लाल दिवा. का थांबली याचं कारण नियंत्रकाच्या पोटात नोंदलेलं, पण ते वाचायचा संगणक पावसाळ्यात जळाला होता. नवा आणला, तो काही केल्या बोलेना. यंत्र बसवणाऱ्यांचा माणूस बाहेरगावचा, तो तीन दिवसांनी येणार. प्रेस थांबली म्हणून रुईचे ढीग साचले. ढीग साचले म्हणून रेचे थांबले. रेचे थांबले म्हणून फाटकाबाहेर कापसाचे ट्रॅक्टर. रात्री दव पडतं, कापूस ओल धरतो आणि भाव उतरतो. ट्रॅक्टरवर घोंगडी पांघरून बसलेल्या शेतकऱ्याला मॉडबस हा शब्द ठाऊक नव्हता, पण नुकसान त्याचंच व्हायचं होतं.

शेवटी तालुक्यातलाच, आयटीआय झालेला एक पोरगा बोलावला. त्यानं आधी केलं ते काम मला फार आवडलं. त्यानं प्रेसचा मुख्य खटका पाडला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. कारण ड्रायव्हर जुळला की संगणक नियंत्रकाला नुसतं विचारतच नाही, हुकूमही देऊ शकतो. चुकीच्या क्रमांकाला हुकूम गेला आणि त्या वेळी कोणाचा हात प्रेसच्या पेटीत असला तर? “काकाजी, आज फक्त वाचाचं, लिहाचं नाही,” तो म्हणाला.

मग तो क्रमानं गेला. तार कॉम सातच्या दारात होती आणि सॉफ्टवेअर कॉम एकच्या दारावर ठोठावत होतं. ते बदललं. बोलण्याचा वेग नियंत्रकाच्या कार्डावरच्या बारीक खटक्यांवरून वाचून घेतला. तरी उत्तर येई ते गिचमिड. मग त्यानं एकेक नियंत्रक तारेवरून सोडवून पाहिला आणि चोर सापडला. रुईला ओलावा देणाऱ्या यंत्राचा नियंत्रक उन्हाळ्यात बदलला होता. नवा डबा येतानाच एक नंबर घेऊन आला होता, आणि प्रेसचाही नंबर एकच! संगणकानं हाक मारली की दोघंही एकदम बोलत. “दोघा पोट्ट्यायनं एकाच नंबरावर ‘हजर’ म्हनलं, त मास्तर कोनाले हजर मांडन?” त्यानं विचारलं.

नंबर बदलला आणि पडद्यावर आकडे उमटले. प्रेसच्या तेलाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची एक तार सैल झाली होती. ती आवळायला दहा मिनिटं लागली. ती शोधण्याआधी दोन दिवस गेले होते.

दुभाष्यावर किती अवलंबून असतं, याचं जगातलं मोठं उदाहरण २०१० साली उघडकीस आलं. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रात स्टक्सनेट नावाचा संगणकी विषाणू शिरला होता. त्यानं काय केलं, तर संगणक आणि नियंत्रक यांच्यामधली बोलण्याची फाइलच बदलून तिथं आपली बसवली. यंत्रं वेडीवाकडी फिरत होती आणि पडद्यावर सारं आलबेल दिसत होतं. दुभाष्याच फितूर! आपल्या जिनिंगवर कोणी असा हल्ला करणार नाही. पण मूळच्या मॉडबसमध्ये पासवर्डाची सोयच नाही, तेव्हा असलं जाळं सरळ इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे गोदामाचं दार सताड उघडं टाकणं.

मला मात्र जास्त काळजी वाटते ती साध्या गोष्टीची. बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा संच दुसऱ्या शाखेत, सीलबंद, नोंद करून ठेवायचा नियम होता. किल्ली हरवली, मॅनेजर आजारी पडला, काहीही झालं तरी तिजोरी उघडली पाहिजे. आज गावोगावच्या जिनिंगमध्ये, दूध शीतकरण केंद्रांत, पाणीपुरवठ्याच्या नव्या योजनांत पंप आणि टाक्या अशा नियंत्रकांच्या हवाली होत आहेत. खारपाणपट्ट्यात तर गोडं पाणी लांबून पंपानंच यायचं. आणि या सगळ्यांच्या बोलण्याच्या अटी बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात किंवा एकाच संगणकात असतात. किल्ली एक, तिचा जोड नाही.

जोड करायला खर्च काहीच नाही. एक कागद पुरतो. कोणता ड्रायव्हर, कोणतं दार, वेग किती, पडताळणी कोणती, कोणत्या यंत्राला कोणता क्रमांक, आणि शेवटचा बदल कोणी केव्हा केला. यंत्र विकत घेताना हा कागद आणि आतल्या कार्यक्रमाची प्रत मागून घ्यावी. ती मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये, असं मी कर्ज देणाऱ्याच्या जुन्या सवयीनं सांगेन. आणि आपल्या घरातला पोरगा किंवा पोरगी आयटीआयला, तंत्रनिकेतनात जात असेल तर त्यांना हे काम शिकू द्या. त्याला पुण्या-मुंबईला जावं लागतंच असं नाही. गरज गावातच आहे.

त्या पोरानं जाण्यापूर्वी वहीचं एक पान फाडलं आणि मराठीत सगळे आकडे मांडले. एक प्रत पॅनेलच्या दाराला आतून चिकटवली. दुसरी त्यानं दिवाणजींच्या हाती दिली. दिवाणजींनी ती चष्मा लावून वाचली, समजली नाही, तरी खाली तारीख घालून सही केली आणि तिजोरीत ठेवली. बाहेर पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढत होता.